131 किमतीचं मत

म्हैसूर जिल्ह्यातलं सोसले आपल्याकडे कुणाला ठाऊक असलंच, तर व्यासराज मठामुळे. तिथल्या मतदाराला राष्ट्रपती निवडताना कुणी विचारत नाही. मत देतो त्याचा आमदार, आणि त्या मताची किंमत 131. महाराष्ट्राच्या आमदाराची 175, सिक्कीमच्याची अवघी 7. हिशेब लोकसंख्येचा, पण 1971 च्या! तेव्हा अमेरिकेला हसताना जरा जपून. तिथेही मतदार थेट अध्यक्ष निवडत नाही, 538 निर्वाचक निवडतो. 270 मिळाले की जिंकलं. मात्र आपल्याकडे आमदार-खासदारच निर्वाचक असतात, तिथे खासदाराला घटनेनेच मनाई. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून काँग्रेसवर गेले, पण त्या राज्याच्या 15 निर्वाचकांत ते बसू शकत नाहीत. सहा लाखही वस्ती नसलेल्या वायोमिंगला 3 निर्वाचक, ही तक्रार नेहमीची. मला ती दुय्यम वाटते. खरी मेख पुढे आहे. मेन आणि नेब्रास्का सोडले, तर राज्यात एका मताने पुढे असणाराही सगळे निर्वाचक घेऊन जातो. 2016 मध्ये ट्रम्प मिशिगनात 10,704 मतांनी पुढे होते. तेव्हाचे सर्व 16 निर्वाचक त्यांचे. देशभरात हिलरी क्लिंटन यांना 28 लाखांहून अधिक मतं जास्त होती, तरी हरल्या. आपल्याकडे निदान पसंतीक्रम आहे: 1969 साली पहिल्या पसंतीत कुणालाच बहुमत नव्हतं, दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर गिरी राष्ट्रपती झाले.