गाण्यामागची कामंही मुलांना शिकवा

मे महिना आला की सांगली-मिरजेत चौकाचौकांत संगीत शिबिरांचे फलक लागतात. सुगम संगीत, तबला, हार्मोनियम, कीबोर्ड, हल्ली कराओके. शेवटच्या दिवशी पालकांसमोर दोन गाणी होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात आणि जूनमध्ये शाळा सुरू होते. या शिबिरांबद्दल माझी तक्रार नाही. गळा आणि हात तिथेच तयार होतात. पण ज्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला संगीतातच पोट भरायचं आहे, त्यांच्यासाठी त्या फलकांवर काहीही नसतं. रेकॉर्डिंग, स्टेजचा साउंड, वाद्यदुरुस्ती, कार्यक्रमाचं नियोजन, करार, रॉयल्टी या कामांवर गाणं उभं राहतं. ती कामं शिकवणारं उन्हाळी शिबिर प्रत्येक जिल्ह्यात व्हायला हवं, असं माझं ठाम म्हणणं आहे.

मी साउंडचं काम करते. वडिलांचा मिरजेत लाउडस्पीकरचा व्यवसाय होता. लग्न, कीर्तन, उरूस, प्रचारसभा, सगळीकडे त्यांचे कर्णे जायचे. त्यांच्या हाताखाली केबली गुंडाळत मी शिकले आणि आता नाटकांना, ऑर्केस्ट्रांना, मैफलींना मिक्सरवर बसते. या धंद्यातले बहुतेक जण असेच शिकलेत, घरात नाहीतर कुणाच्या तरी टेम्पोत बसून. ज्याच्या घरात हे काम नाही त्याला आत यायला वाट नाही आणि मुलींना तर त्याहून नाही. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनिमुद्रणाचा उत्तम अभ्यासक्रम आहे, पण तिथला प्रवेश पदवीनंतरचा. नववीतल्या पोराला आवाजाचं वेड लागलं तर तोवर त्याने काय करायचं? आमच्या भागात तो डॉल्बीवाल्याकडे जातो.

त्या पोराला मी नावं ठेवणार नाही. भिंतीएवढे स्पीकर जोडणं, जनरेटरवर भार किती पडेल याचा अंदाज घेणं, पहाटेपर्यंत यंत्रणा चालू ठेवणं, यात डोकं लागतं. पण त्याला डेसिबल म्हणजे काय ते कुणी सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास ऐकलेला चालतो. दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे 90 डेसिबलला आठवड्याचे जेमतेम 4 तास उरतात. डॉल्बीच्या भिंतीजवळ उभं राहणारा मुलगा हा कोटा विसर्जन मिरवणुकीच्या पहिल्या काही मिनिटांतच संपवतो. आणि या धंद्यात कान गेला की सगळं गेलं. त्याच मुलाला मिक्सर, इक्वलायझर, माइकची दिशा आणि सभागृहाचा स्वभाव शिकवला, तर तो उद्या नाट्यगृहात किंवा स्टुडिओत मानाने काम करेल.

दुसरा विषय कागदांचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जत तालुक्यातला एक सतरा वर्षांचा मुलगा मला माहीत आहे. त्याने स्वतः लिहिलेलं, स्वतःच चाल लावलेलं गाणं एका कंपनीने पाच हजार रुपये देऊन घेतलं. ते आज वरातींत वाजतं, मोबाइलवर वाजतं, आणि त्याला त्यानंतर एक रुपया मिळालेला नाही. त्याने सही केलेला कागद मी पाहिला. त्यात मुदत नव्हती, प्रदेश नव्हता, आई-वडिलांची सही नव्हती. आता कायदा काय म्हणतो? अठरा वर्षांखालच्या मुलाचा करार मुळातच रद्दबातल असतो. प्रिव्ही कौन्सिलने हे 1903 मध्येच सांगितलं आहे. कॉपीराइट हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा सही करूनही सोडून देता येत नाही, असं करून ठेवलं आहे. गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था 1969 पासून आहे. यातलं काहीही त्या मुलाला माहीत नव्हतं आणि शाळेत किंवा क्लासात त्याला ते कुणी सांगणारही नव्हतं.

लता मंगेशकरांचं बालपण सांगलीत गेलं. 1942 मध्ये त्यांचे वडील मास्टर दीनानाथ गेले तेव्हा त्या तेरा वर्षांच्याही नव्हत्या आणि घर चालवायला काम करू लागल्या. पुढे गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून त्या मोठमोठ्या निर्मात्यांशी भांडल्या. गायकांच्या रॉयल्टीला कायद्यात जागा मिळायला 2012 साल उजाडावं लागलं. इतक्या कष्टाने मिळालेला हक्क आजच्या मुलांना ठाऊकच नसेल तर तो पुस्तकातच पडून राहील.

मिरजेला अशा शिबिराचा वारसाही आहे. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि 1901 मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. गुरूच्या घरात बंद असलेली विद्या त्यांनी वर्गात आणली, तिचा अभ्यासक्रम केला. संगीताच्या व्यवसायासाठी आता तेच करायचं आहे. आमच्या सतारमेकर गल्लीत भोपळा कापण्यापासून जवारी काढण्यापर्यंतचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण या कामात नवी मुलं फारशी येत नाहीत. शिबिरातले दोन दिवस त्या गल्लीत गेले, तर त्यातून एखादा कारागीर नक्की घडेल.

अमेरिकेत ग्रॅमी म्युझियम शाळकरी मुलांसाठी असं उन्हाळी शिबिर भरवतं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलांच्या बरोबरीने ध्वनिमुद्रण, गीतलेखन, संगीत व्यवसाय या वाटा निवडणारी मुलं तिथे असतात आणि सगळी मिळून काम करतात. आपल्याला तितका पैसा लागणार नाही. एक लहान मिक्सर, चार-सहा माइक, एक संगणक, एक सभागृह आणि तीन आठवडे पुरेत. पहिला आठवडा आवाज आणि कान यांचा, दुसरा रेकॉर्डिंगचा आणि वाद्यांचा, तिसरा करार, हिशेब आणि कार्यक्रम उभा करण्याचा. शेवटी मुलांनी स्वतः मैफल ठरवावी, कलाकाराशी लेखी बोलणी करावी, साउंड लावावा, तिकिटं विकावीत आणि जमाखर्च सर्वांसमोर मांडावा.

पालक म्हणतील, दहावीचं वर्ष आहे. गुरुजन म्हणतील, आधी रियाज करू दे. दोघांचं म्हणणं मी मानते. पण रियाज करणाऱ्या शंभर मुलांतली मोजकीच पुढे गायक-वादक होतात, बाकीच्यांचं संगीतावरचं प्रेम कमी नसतं. त्यांना संगीतात राहूनच जगता येईल अशी कामं आहेत, हे त्यांना पंधराव्या वर्षी कळलं पाहिजे, पंचविसाव्या वर्षी नव्हे.

महापालिकांना माझी विनंती आहे की, प्रयोग नसलेल्या दुपारी नाट्यगृह या मुलांसाठी विनाभाडं खुलं करा. वकील मंडळींनी दोन दुपारी द्याव्यात. संगीत कंपन्यांनी सामाजिक दायित्वाच्या निधीतून यंत्रं द्यावीत. आणि माझ्या साउंडवाल्या भावंडांनो, पुढच्या मे महिन्यात आपापल्या मिक्सरशेजारी एक खुर्ची शिकाऊ मुलासाठी ठेवा, आणि दुसरी एखाद्या मुलीसाठी.