आशय आहे, कविता नाही?

कृष्णवर्णीय अमेरिकन कवींचा विषय आपल्याकडच्या साहित्यिक गप्पांत निघाला की दोन शेरे ठरलेले असतात. पहिला असा : 'आशय जबरदस्त आहे हो, पण कविता म्हणून...' पुढचे शब्द बोलणारा सभ्यपणे गिळतो. दुसरा शेरा समोरच्या बाकावरून येतो : 'जिथे माणसांना झाडाला लटकावत होते तिथली कविता वाचताना यमके कसली मोजता?' पहिला शेरा विरोधकाचा, दुसरा चाहत्याचा. दोघे एकमेकांवर तुटून पडतात, पण एका बाबतीत त्यांचे पक्के एकमत असते. या कवितेत रचना म्हणून बघण्यासारखे काही नाही, हे दोघांनाही मान्य असते. माझे भांडण या एकमताशी आहे.

आधी पूर्वपक्ष. तो आजचा नाही, सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे. फिलिस व्हीटली ही सात-आठ वर्षांची मुलगी १७६१ साली आफ्रिकेतून पकडून बॉस्टनला आणून विकली गेली. ज्या जहाजातून आणली त्या जहाजाचेच नाव तिला ठेवले आणि मालकाचे आडनाव लावले. १७७३ मध्ये लंडनला तिचा कवितासंग्रह निघाला, तेव्हा त्याच्या आरंभी बॉस्टनच्या १८ प्रतिष्ठितांच्या सह्यांचे पत्र छापावे लागले, की या कविता खरोखर हिनेच लिहिल्या आहेत. कवितेला जामीन लागल्याची अशी उदाहरणे फार नसतील. त्यानंतर काही वर्षांनी थॉमस जेफरसनने व्हर्जिनियावरच्या आपल्या पुस्तकात निकाल दिला. दुःखातून उत्तम काव्य निपजते हे त्याला मान्य होते. काळ्यांपाशी दुःख भरपूर आहे हेही मान्य होते. त्यांच्यापाशी कविता मात्र नाही, असे त्याचे म्हणणे, आणि व्हीटलीचे लेखन तर टीका करण्याच्याही लायकीचे नाही. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या या गृहस्थाने आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम बाळगले. 'आशय आहे, पण कविता नाही' हा निवाडा आपण आज निर्मळ रसिकतेच्या नावाखाली देतो, त्याची वंशावळ ही अशी आहे.

हा पक्ष पुढे मवाळ झाला, मेला नाही. २०११ मध्ये रीटा डव्ह यांनी विसाव्या शतकातील अमेरिकन कवितेचे संकलन केले, तेव्हा हेलन वेंडलर यांच्यासारख्या मातब्बर समीक्षिकेने त्यावर तक्रार केली, की निवडीत सर्वसमावेशकतेने गुणवत्तेवर मात केली आहे. डव्ह यांनी तितक्याच कडकपणे उत्तर दिले. वेंडलर जेफरसन नव्हेत, हे सांगायला नको. त्यांचे कवितेचे वाचन थोर होते. पण तोलायला घेतलेला काटा जुनाच होता : एका पारड्यात अस्मिता, दुसऱ्यात कला.

विरोधकाची एक गोष्ट मी बिनशर्त मान्य करतो. १९६५ नंतरच्या 'ब्लॅक आर्ट्स' चळवळीत सभेत टाळ्या घेणाऱ्या आणि घरी परतेपर्यंत विरून जाणाऱ्या कविता पुष्कळ झाल्या. पण वाईट कविता कुठल्या प्रवाहात होत नाहीत? आपल्या रविकिरण मंडळाच्या काळातली किती सुनीते आज कोणाच्या ओठांवर आहेत? म्हणून सुनीतावर कोणी खटला भरत नाही.

आता उत्तरपक्ष. 'ही मंडळी वर्णाच्या पलीकडे जातच नाहीत' हा आक्षेप घ्या आणि या परंपरेतल्या तीन सर्वांत गाजलेल्या कविता समोर ठेवा : पॉल लॉरेन्स डनबारची 'वुई वेअर द मास्क', क्लॉड मकेची 'इफ वुई मस्ट डाय', ग्वेंडोलिन ब्रुक्सची 'वुई रिअल कूल'. तिन्हींत वर्णवाचक शब्द एकही नाही. काळा नाही, गोरा नाही, गुलाम नाही, निग्रो नाही. तिन्हींचा कर्ता एकच सर्वनाम आहे, 'आम्ही'. हे 'आम्ही' कोण, हे कवी सांगत नाही आणि वाचकाला क्षणभरही शंका येत नाही. न उच्चारता इतके ऐकू आणणे याला आपल्याकडे ध्वनी म्हणतात, आणि आनंदवर्धनापासून आपण त्यालाच काव्याचा आत्मा म्हणत आलो आहोत. मग इथेच आपले कान का बंद होतात?

मकेचे उदाहरण थोडक्यात. १९१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अनेक शहरांत गोऱ्या जमावांनी काळ्या वस्त्यांवर हल्ले केले. मके तेव्हा रेल्वेच्या भोजनडब्यात वाढप्याचे काम करत होता. त्याने सुनीत लिहिले, तेही शेक्सपिअरच्या घडणीचे : तीन चतुष्पद्या आणि शेवटी द्विपदी. गोऱ्यांच्या साच्याची ही नक्कल, असे त्यावर म्हटले जाते. पण जमैकात जन्मलेल्या मकेने १९१२ मध्येच बोलीतल्या कवितांचे पुस्तक काढले होते. बोली त्याच्या हाताशी होती. तिकडे रस्त्यावर जमाव बेभान असताना इकडे एक माणूस चौदा ओळींत एकही पाऊल चुकू देत नाही. मरायचेच असेल तर जनावरासारखे मरायचे नाही, हे त्या कवितेचे म्हणणे आहे आणि तिची बांधणी हा त्या म्हणण्याचा पुरावा आहे.

विरोधकाचा समाचार इतका पुरे. मला चाहता अधिक घातक वाटतो, कारण त्याचा अन्याय प्रेमापोटी होतो आणि म्हणून त्यावर कोणी बोलत नाही. डनबारचे काय झाले पाहा. ओहायोतल्या डेटन गावी हा तरुण लिफ्टमन होता. १८९५ साली त्याने 'मेजर्स अँड मायनर्स' हा संग्रह काढला. नावातच पंक्तिभेद होता : प्रमाण इंग्रजीतल्या कविता थोरल्या, बोलीतल्या गमतीदार कविता धाकट्या. विल्यम डीन हॉवेल्स या त्या काळच्या सर्वांत वजनदार समीक्षकाने १८९६ मध्ये 'हार्पर्स वीकली'त त्याचे कौतुक केले. कौतुक कशाचे, तर धाकट्यांचे. त्याच्या मते त्यातच या वंशाचे खरे मन उमटले होते. डनबार रातोरात प्रसिद्ध झाला आणि उरलेली दहा वर्षे संपादक त्याच्याकडे बोलीतल्याच कविता मागत राहिले. त्या कौतुकाने आपले नुकसान केले हे त्याने पुढे बोलून दाखवले. १९०६ मध्ये ३३ व्या वर्षी तो क्षयाने गेला.

मुखवट्याची ती कविता याच संग्रहातली. तिचा घाट 'राँदो' नावाचा, जुन्या फ्रेंच दरबारी कवितेतून आलेला : पंधरा ओळी, सबंध कवितेत मिळून दोनच यमके, आणि दोनदा येणारे आखूड पालुपद. दोन यमकांवर पंधरा ओळी चालवायच्या म्हणजे हालचालीला जागा फार थोडी. त्या जागेत डनबार कमालीच्या सफाईने वावरतो. यमक चुकत नाही, चेहरा हलत नाही. मधल्या कडव्यात पालुपद स्वतंत्र वाक्य म्हणून येत नाही. आधीची ओळ अर्धवट सोडून ते तिच्या शेपटाला पोटवाक्य म्हणून जोडले जाते, जणू ओघात आलेले. शेवटच्या कडव्यात तेच शब्द एकटे उभे राहतात आणि पुढे उद्गारचिन्ह येते. शब्द तेच, पण पहिल्यांदा ती माहिती असते, दुसऱ्यांदा ती किंकाळी होते. अनोळखी माणसापुढे हसत उभे राहायचे आणि आतून ओरडायचे, हे त्या कवितेत सांगितलेले आहे तसेच केलेलेही आहे. घाट काढून घ्या, हाती उरेल एक तक्रार अर्ज. हॉवेल्सने हा संग्रह वाचला होता, आणि त्यात त्याला 'खरा' डनबार दिसला तो गमतीदार बोलीत!

ही मुखवट्याची सवय कवींनी शोधलेली नाही. मळ्यांवर गुलाम गात ते ऐकून मालकांना वाटे की ही माणसे सुखात आहेत. स्वतः गुलामीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ च्या आत्मचरित्रात हा गैरसमज खोडून काढला : ती गाणी दुःखाचीच होती. त्याने पुढे असेही लिहिले, की भजनात कनान देशाचे नाव घेताना त्यांच्या मनात उत्तरेकडची मुक्त राज्ये असत. मालकासमोर उघड बोलणे म्हणजे चाबूक. तिथे रूपक आणि श्लेष हे अलंकार नव्हते, ते जिवंत राहण्याचे मार्ग होते. ज्यांच्या कवितेचा उगमच दुहेरी बोलण्यात आहे, त्यांना 'थेट, कच्ची, अनलंकृत' अशी विशेषणे आपण कोणत्या तोंडाने लावतो?

ब्रुक्सची 'वुई रिअल कूल' तर डनबारच्या कवितेहूनही आखूड. आठ ओळी, २४ शब्द, सगळे एकाक्षरी. शाळा सोडून बिलियर्डच्या अड्ड्यावर बसलेली सात पोरे बढाया मारत आहेत. प्रत्येक वाक्य 'आम्ही'ने सुरू होते, पण ब्रुक्सने तो शब्द आधीच्या ओळीच्या टोकाला लटकावला आहे. वाचणारा दर ओळीला तिथे अडखळतो. हा शब्द हळू, जवळजवळ पुटपुटत म्हणावा असे ती सांगत असे आणि स्वतःही तसेच म्हणत असे, कारण या पोरांना आपण कोणी आहोत याचीच खात्री नाही. बढाई ओळीच्या आरंभी ठसक्यात येते, आणि टोकाला कर्ता चाचरतो. सात ओळी असे चालते. आठवी ओळ मरणाची, आणि तिच्या टोकाला 'आम्ही' नाही, कारण पुढचे वाक्यच नाही. पोलिस, गरिबी, वर्णद्वेष यांपैकी कशाचा उल्लेख नाही. एका सर्वनामाची जागा बदलून जे साधले, ते शंभर ओळींच्या शोकगीताने साधले नसते. १९५० मध्ये पुलित्झर मिळवणारी ही पहिली कृष्णवर्णीय लेखिका. तिच्याविषयी बोलताना आपण 'वेदना' हा शब्द वापरून मोकळे होतो.

लँग्स्टन ह्यूजची 'हार्लेम' (१९५१) अकरा ओळींची आहे. लांबणीवर टाकलेल्या स्वप्नाचे काय होते, असा प्रश्न, आणि मग एकामागून एक पाच उपमा : सुकलेले फळ, जखम, सडके मांस, पाकाची मिठाई, ओझे. पाचही रोजच्या जगण्यातल्या, पाहायला-हुंगायला येणाऱ्या. शेवटच्या ओळीत स्फोट येतो आणि तिथे 'सारखा', 'जसा' हा शब्द गळून पडतो. उपमा संपते, रूपक सुरू होते. उपमेत दोन वस्तूंमध्ये थोडे अंतर असते, रूपकात तेही राहत नाही. धमकीचा एक शब्द न लिहिता धमकी कशी द्यावी, ती अशी. ह्यूजवर घरच्यांकडूनही मार बसला, हेही विसरू नये. ब्लूज गाण्यांच्या घाटातल्या कवितांचा १९२७ चा त्याचा संग्रह काळ्यांच्याच वर्तमानपत्रांनी झोडपला. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसरीने कलाटणी द्यायची, ही दारूच्या गुत्त्यातली रचना शिष्टांना लाजिरवाणी वाटली.

चळवळीतल्या मंडळींचा आग्रह असा असतो, की कवीने आधी काळे असावे, मग कवी. १९६६ मध्ये फिस्क विद्यापीठातल्या लेखक परिषदेत रॉबर्ट हेडनला याच मुद्द्यावर घेरले गेले. मी कवी आहे, तसेच मला वाचा, एवढेच तो म्हणत होता. त्याच हेडनने 'मिडल पॅसेज' या कवितेत गुलामवाहू जहाजांवर खितपत पडलेली माणसे दाखवली, आणि ती कशी? खलाशांच्या रोजनिशा, प्रार्थना, कोर्टातल्या जबान्या यांचे तुकडे शेजारी शेजारी लावून. बोलतात बहुतांश गुन्हेगारच, आणि त्यांच्याच तोंडून गुन्हा शाबीत होतो. मिरवणुकीत घोषणा दिल्या नाहीत म्हणून ज्याला नावे ठेवली, त्याने गुलामीवरचे कदाचित सर्वांत कठोर आरोपपत्र लिहिले. कवीची निष्ठा तपासणाऱ्यांनी त्याची रचना तपासली असती, तर ही वेळ आली नसती.

हे सगळे आपल्या अंगणातलेही आहे. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी कृष्णवर्णीय साहित्याची ओळख इथल्या दलित लेखकांना करून दिली. जनार्दन वाघमारे यांनी त्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. १९७२ मध्ये मुंबईत निघालेल्या दलित पँथरने ओकलंडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेतले, आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्याच्याही वाट्याला हेच दोन शेरे आले. एका बाजूने 'शिवराळ', दुसऱ्या बाजूने 'दाहक, ज्वलंत, विद्रोही'. चारही विशेषणे खरी आहेत आणि चारहींनी मिळून कवितेची एक ओळही उलगडत नाही.

तेव्हा मराठीच्या आणि इंग्रजीच्या प्राध्यापकांना माझे एक सांगणे आहे. 'अमुक कवीच्या कवितेतील वेदना आणि विद्रोह स्पष्ट करा' हा प्रश्न परीक्षेतून काही वर्षे काढून टाका. त्याऐवजी ढसाळांची एक लांब ओळ फळ्यावर लिहा, आणि ती कुठे तुटते, तिथेच का तुटते आणि तिथे शिवी का येते, हे मुलांना विचारा.