ओढा कुणाच्या प्रभागात?

प्रभागरचनेचा आराखडा जाहीर झाला की इच्छुक मंडळी नकाशावर मतं मोजायला बसतात. पुण्यात २०१२ साली दोन सदस्यांचे प्रभाग होते, २०१७ ला चारांचे झाले. २०२२ साठी तिघांचा घाट घातला, तो बारगळला आणि गाडी पुन्हा चारांवर आली. नगरसेवक किती यावर एवढा खल. प्रभाग कुणाकुणाचा मिळून व्हावा, हे मात्र बाजूलाच राहतं.

नियम तसे वाईट नाहीत. जनगणनेचा प्रगणक गट फोडायचा नाही, अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो एकत्र ठेवायच्या, लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के कमी-जास्त चालेल. (ती लोकसंख्या अजून २०११ चीच, ते सोडा.) सीमा मात्र नदी, नाला, रस्ता, रेल्वेमार्ग पाहून आखायची. कागदावर सोयीचं आहे. पण आंबिल ओढा घ्या. कात्रजकडून उतरून तो सहकारनगर, दांडेकर पूल करत मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला पूर आला, तेव्हा पाण्याने काठ पाहिला नाही. सोसायट्यांच्या सीमाभिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं दगावली. असा ओढाच सीमा ठरला, की गाळ काढायचा कुणी यावर दोन्हीकडचे नगरसेवक एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे.

मग आराखड्यावरच्या हरकती-सूचनांची मुदत इच्छुकांवरच का सोडायची? पाणी कुठल्या टाकीतून येतं, मुलं कुठल्या शाळेत जातात, पावसाचं पाणी कुठून घरात शिरतं, एवढं तरी सोसायट्यांनी आणि वस्तीतल्या मंडळांनी मिळून नकाशावर आखून द्यावं, आणि सुनावणीला जातीने हजर राहावं.