आधी निदान, मग लेसर

भीमेच्या अल्याड-पल्याड, शिरूर आणि दौंड तालुक्यांत कुत्रा नाही अशी वस्ती सापडणे कठीण. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर वाढल्यापासून राखणीचा कुत्रा ही हौस राहिलेली नाही, ती गरज झाली आहे. गावातल्या घरांत लॅब्रॅडॉर, पॉमेरेनियन घरचेच होऊन राहतात. त्यांच्या आजारपणावर खर्च करण्याची तयारीही वाढली आहे. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे दुखू लागले, की पुण्यातल्या एखाद्या दवाखान्यातील ‘कोल्ड लेसर’ उपचाराची माहिती कोणीतरी मोबाइलवर पाठवतो. मग माणसांच्या डॉक्टरांनाही विचारले जाते, याचा खरेच उपयोग होतो का?

प्रश्न रास्त आहे, पण ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात त्याचे उत्तर संपत नाही. लेसरचा शोध १९६० सालचा. १९६७ मध्ये बुडापेस्टचे डॉ. एंड्रे मेस्टर लेसरमुळे कर्करोग होतो का, हे उंदरांवर तपासत होते. कर्करोग झाला नाही, पण लेसर सोडलेल्या जागेवरचे भादरलेले केस लवकर उगवले. तेथून ही उपचारपद्धती सुरू झाली. साधारण ६०० ते १,००० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल आणि अवरक्त प्रकाश पेशींतील मायटोकाँड्रिया शोषून घेतात. त्यामुळे पेशींना ऊर्जा मिळते, सूज आणि वेदना कमी होतात, असे मानले जाते.

माणसांमध्ये या प्रकाशाचा एक उपयोग चांगला सिद्ध झाला आहे. तंबाखू-मिश्रीमुळे होणारा तोंडाचा कर्करोग आपल्याकडे नवा नाही. त्यावर किरणोपचार सुरू झाले, की तोंड आतून सोलवटते, घास गिळवत नाही. भारतात अशा २२१ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. लेसर मिळालेल्या रुग्णांना हा त्रास कमी झाला होता. २०२०च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही ठरावीक कर्करुग्णांसाठी या उपचाराची शिफारस आहे. येथे आजार नेमका ठाऊक असतो, जागा वरवरची असते आणि प्रकाशाची मात्रा ठरलेली असते. यश मिळण्याचे हे मोठे कारण आहे.

कुत्र्यांच्या बाबतीत चित्र इतके स्वच्छ नाही. मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या ३६ कुत्र्यांवरील अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. लेसर दिलेली कुत्री साधारण साडेतीन दिवसांत चालू लागली, इतरांना १४ दिवस लागले. आकडे सुखावणारे आहेत. मात्र २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तशाच चाचणीत असा फायदा दिसला नाही. कोपराच्या संधिवातावरील २०१८च्या चाचणीत कुत्र्यांचे लंगडणे कमी झाले, वेदनाशामकही कमी लागले, पण तीत कुत्री होती अवघी २०. म्हणजे हा उपचार थोतांड नाही आणि चमत्कारही नाही. मुख्य उपचारांना जोड म्हणून त्याचा विचार करता येईल, इतपतच आजचा पुरावा आहे.

मुक्या जनावराच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. कुत्रा स्वतःच्या तोंडाने सांगत नाही, सांगतो तो मालक. सांधेदुखीच्या ५८ कुत्र्यांना औषध नसलेली गोळी देऊन अमेरिकेत तपासणी झाली. पायावर पडणारा भार यंत्राने मोजला गेला. यंत्राला सुधारणा दिसली नाही तिथेही सुमारे ४० टक्के वेळा मालकांना कुत्रा सुधारल्यासारखा वाटला. पशुवैद्यांची फसगतही जवळपास तेवढीच झाली. पैसे खर्च केलेल्या, जीव लावलेल्या माणसाच्या डोळ्यांना आशेचा चष्मा लागतो. म्हणून ‘आमच्या मोत्याला फरक पडला’ हा अनुभव खोटा नसला, तरी पुरावा म्हणून तो अपुरा आहे.

प्रकाशालाही मर्यादा आहेत. दाट, काळे केस तो बराचसा शोषून घेतात आणि खोलवरच्या सांध्यापर्यंत त्यातला थोडाच पोहोचतो. ‘कोल्ड’ म्हटले, तरी जास्त शक्तीचे यंत्र एका जागी धरून ठेवले तर कातडी भाजू शकते. डोळ्यांना धोका असतो. म्हणून जनावराचे डोळे झाकणे आणि खोलीतील प्रत्येकाने संरक्षक चष्मा लावणे आवश्यक आहे. गाठ कर्करोगाची असण्याची शंका असेल, तर तिच्यावर लेसर सोडू नये.

तरीही खरा धोका यंत्रात नाही, निदान न करता उपचार करण्यात आहे. मागचे पाय ओढणाऱ्या कुत्र्याला मणक्याचा आजार असेल, डिस्टेंपर असेल, गोचिडांमुळे होणारा ताप असेल किंवा रेबीजही असेल. रेबीज झालेला प्रत्येक कुत्रा पिसाळून चावत सुटत नाही. काही कुत्री शांत पडून राहतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, पाय लुळे पडतात. घशात हाड अडकले असेल म्हणून घरची माणसे तोंडात हात घालतात. अशा कुत्र्याला लेसरसाठी मांडीवर घेऊन सत्तर किलोमीटरवरच्या पुण्याला नेणे घरच्यांच्या जिवावर बेतू शकते. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चावा झाला असेल किंवा लाळ जखमेला लागली असेल, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच सरकारी रुग्णालय गाठावे.

हाच नियम कुत्र्यालाही लागू आहे. भांडणात किंवा बिबट्याच्या हल्ल्यात झालेली जखम आधी पशुवैद्यांकडून स्वच्छ करून घ्यावी आणि रेबीजची लस द्यावी. जखम लवकर भरावी म्हणून प्रकाश देण्याचा विचार त्यानंतरचा. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी तर जनावराला देऊच नये. डायक्लोफेनॅक, आयब्रुफेनने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही मारक ठरू शकते.

लेसर सुचवणाऱ्या दवाखान्याला मालकाने चार गोष्टी विचाराव्यात. निदान काय झाले आणि ते कोणत्या तपासणीवरून? कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश, किती मात्रेत देणार? किती वेळा, आणि एकूण खर्च किती? सुधारणा कशाने मोजणार आणि ती दिसली नाही तर कधी थांबणार? चांगला पशुवैद्य या प्रश्नांनी रागावत नाही. म्हाताऱ्या, जड कुत्र्याचे वजन उतरवणे, बेताचा व्यायाम आणि पशुवैद्यांनी दिलेले योग्य वेदनाशामक, या साध्या उपायांना लेसर पर्याय होऊ शकत नाही, हेही तोच सांगेल.

शासनासाठी प्राधान्यक्रम याहून वेगळा नसावा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एक्स-रे, रक्ततपासणी आणि रेबीजची लस नेहमी मिळाली, तर निदानासाठी पुण्याची वाट धरावी लागणार नाही. १९६२ या क्रमांकावर बोलावता येणारी फिरती पथके वाड्या-वस्त्यांवर वेळेत पोहोचली पाहिजेत. हे झाल्यावर लेसरचे यंत्रही जरूर यावे आणि त्याचे निकाल नीट मोजले जावेत. आपले दुखणे ज्याला सांगता येत नाही, त्याच्यासाठी नेमके निदान हाच पहिला उपचार आहे.