वेसाव्याचा दरवाजा आणि १२ ऑक्टोबर २०२०

अंतराळात साम्राज्ये उभारण्याचे स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्यांना एक प्रसंग चांगलाच ठाऊक असतो. ताफा सज्ज आहे, ढाली पूर्ण भारलेल्या आहेत, सीमेवर शत्रूचे एकही जहाज नाही; आणि तरी पिछाडीचे एखादे ऊर्जाकेंद्र अचानक आज्ञा पाळेनासे होते. शत्रूने ते हॅक केलेले असते. नवखा खेळाडू अशा वेळी शत्रू शोधण्यासाठी ताफा धाडतो. मुरलेला खेळाडू आधी त्या केंद्राची जोडणी तोडतो आणि उरलेली वसाहत तिच्या स्वतःच्या विजेवर जगवतो.

मुंबईच्या उपनगरांवर असाच प्रसंग खरोखर ओढवला, तेव्हा चर्चा मात्र नवख्या खेळाडूसारखीच झाली.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. साथीचे दिवस असल्यामुळे त्यांतून अत्यावश्यक सेवेतील कर्मचारीच प्रवास करीत होते, म्हणजे नेमके ज्यांना पोहोचणे भाग होते तेच अडकले. अनेक भागांत काही तासांत पुरवठा परतला. उपनगरांच्या काही भागांना संध्याकाळपर्यंत थांबावे लागले. मुलुंडच्या एका रुग्णालयात जनरेटरला आग लागली, दाखल रुग्णांना दुसरीकडे हलवावे लागले आणि त्या धावपळीत एका वृद्ध रुग्णाचा मृत्यू झाला. या घटनेविषयी पुढे जे काही बोलले गेले, ते या मृत्यूच्या पार्श्वभूमीवर वाचायला हवे.

साडेचार महिन्यांनी, फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस, ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला. चीनशी संबंधित एका गटाने भारताच्या वीजक्षेत्रातील दहा संस्थांना आणि दोन बंदरांना लक्ष्य केल्याचे त्यात म्हटले होते. दोन बंदरांपैकी एक मुंबईचे. १ मार्च रोजी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन वीजमंडळाच्या यंत्रणेत १४ ट्रोजन हॉर्स आणि परदेशी सर्व्हरवरून आलेला ८ जीबी बेहिशेबी डेटा आढळल्याचे सांगितले. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र वीज जाण्याचे कारण मानवी चूक असल्याचे सांगून विषय मिटवला. मूळ अहवालानेही त्या दिवसाचा अंधार आणि सायबर हल्ला यांचा संबंध सिद्ध झाल्याचे म्हटले नव्हते. समाजमाध्यमांवर तेवढे बारकावे कोण वाचतो? दोन तट पडले आणि वाद ‘चीन की चूक’ एवढ्यावरच आटोपला.

खरा प्रश्न त्या दोन्ही तटांच्या मधून निसटला. मुंबईकडे सुमारे चाळीस वर्षांपासून एक संरक्षण होते. त्याचे नाव आयलँडिंग, म्हणजे बेट होणे. बाहेरचे ग्रीड कोलमडू लागले, त्याची वारंवारिता ५० हर्ट्झवरून धोक्याच्या पातळीखाली घसरली, की रिले आपोआप शहराची बाहेरची जोडणी तोडतात. काही फीडर बंद करून मागणी कमी केली जाते आणि ट्रॉम्बे, डहाणू यांसारख्या आपल्या केंद्रांच्या विजेवर रेल्वे आणि रुग्णालये चालू राहतात. पूर्वी राज्य अंधारात असतानाही मुंबई उजळलेली दिसे, ती याच व्यवस्थेमुळे. १२ ऑक्टोबरला हे बेट टिकले नाही. ४०० केव्हीच्या वाहिन्यांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद होती, बाकीच्या एकामागून एक बंद पडल्या, आणि आतली निर्मिती शहराच्या मागणीपुढे अपुरी ठरली. बाहेरून येणारी वीज स्वस्त पडते. त्यामुळे आतली केंद्रे पूर्ण क्षमतेने चालवण्याचा आग्रह कुणी धरत नाही.

वाहिन्या शत्रूने पाडल्या की कुणाच्या हलगर्जीने पडल्या, याने बेटाच्या कामात काडीचाही फरक पडत नाही. रिले शत्रूचे पारपत्र तपासत नाही. बेट टिकले असते, तर देशमुख खरे की सिंह, हा वाद अभ्यासकांपुरता उरला असता.

इतिहासाच्या वाचकांना हे नवे वाटू नये, कारण याच भूमीवर ते एकदा घडून गेले आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सारी साष्टी. चहूबाजूंनी पाणी असलेले पोर्तुगिजांचे बेट. मार्च १७३७ च्या अखेरीस चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ठाणे मराठ्यांच्या हाती आले. ठाण्याच्या कोटाचे बांधकाम तेव्हा पुरे झालेले नव्हते. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे आणि अणजूरचे गंगाजी नाईक यांच्यासारखी स्थानिक माणसे पोर्तुगिजांच्या धार्मिक जाचाला विटून मराठ्यांना मिळाली होती, आणि हा मुलूख त्यांना तळहातासारखा माहीत होता. आपल्या दृष्टीने ते मुक्तीचे वाटाडे. पोर्तुगीज कारभाऱ्याच्या दृष्टीने पाहिले, तर तटाच्या आत आधीच पोहोचलेला ट्रोजन हॉर्स. (ही तुलना कुणाला खटकेल, पण संरक्षणाचा अभ्यास दोन्ही बाजूंनी करावा लागतो.)

परंतु ठाणे पडले म्हणून सगळे पडले नाही. वेसाव्याचा किल्ला १७३७ मध्ये हाती आला नाही. तो घ्यायला १७३९ उजाडले. त्याला त्याची स्वतःची शिबंदी होती, समुद्राकडचा मार्ग होता, आणि ठाण्याशी संबंध तुटल्यावरही त्याचा दरवाजा आतून बंद करता येत होता.

आजच्या जगातही हेच दिसते. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये हॅकरांनी तीन वीजवितरण कंपन्यांत शिरून सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज घालवली. नियंत्रणकक्षातील कर्मचारी पडद्यावर आपला कर्सर आपोआप हलताना पाहत राहिले. तरीही काही तासांत दिवे लागले, कारण माणसे गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हातांनी ब्रेकर चढवले. २०१९ मध्ये कुडनकुलम अणुऊर्जा केंद्राच्या प्रशासकीय संगणकात मालवेअर सापडले, तेव्हा केंद्र चालवणाऱ्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने तो संगणक अंतर्गत महत्त्वाच्या नेटवर्कपासून वेगळा असल्याचे सांगितले. या महामंडळाचे मुख्यालय घाटकोपरपासून फार दूर नाही. ते अणुशक्तिनगरात आहे.

२०२० नंतर मुंबईत बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्यांना गती मिळाली. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली. कुडूस-आरे वाहिनीचा प्रकल्पही हाती घेतला गेला. ही कामे आवश्यकच होती, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण वाहिनी हा पूल असतो. पूल वाढवून दरवाज्याची उणीव भरून निघत नाही. अग्निशमनाची कवायत होते तशी बेट होण्याची कवायत दरवर्षी व्हावी आणि तिचा निकाल राज्य वीज नियामक आयोगाने जाहीर करावा, ही मागणी उपनगरांतील एकाही निवडणुकीत ऐकू आलेली नाही. रस्ते, पाणी, पार्किंग यांवर सभा गाजतात. रिलेवर कोण टाळ्या वाजवणार?

पश्चिम उपनगरांच्या बेटाचे मुख्य ऊर्जाकेंद्र मुंबईत नाहीच. ते शंभरहून अधिक किलोमीटर उत्तरेला, डहाणूच्या किनाऱ्यावर आहे: २५० मेगावॅटचे दोन संच. तिथून २२० केव्हीच्या वाहिन्या दक्षिणेकडे येतात. काही घोडबंदरला उतरतात आणि उरलेल्या वेसाव्याला.