कोड ठरतो कागदावरून, दरावरून नव्हे

सौदी अरेबियाला कागद, पुठ्ठा, वह्या आणि खोकी पाठवणाऱ्या आपल्याकडच्या व्यापाऱ्यांत एक मत घट्ट रुजले आहे. कागद तो कागद. तिकडच्या आयातदाराला विचारायचे, ज्या कोडला शुल्क कमी तो इन्व्हॉइसवर टाकायचा, बाकीचे क्लिअरिंग एजंट बघून घेईल. हे मत मला मुळातूनच चुकीचे वाटते. कागदाचे वर्गीकरण तो जिथे तयार झाला तिथेच, त्याच्या घटकांवरून आणि मापांवरून पक्के व्हायला हवे. जेद्दाहच्या किंवा दम्मामच्या बंदरात कंटेनर उभा राहिल्यावर त्याची चर्चा सुरू होत असेल, तर काम आधीच बिघडलेले असते.

या मताला पूर्वी थोडा आधार होता, हे मान्य केले पाहिजे. 1 जानेवारी 2003 रोजी आखाती सहकार्य परिषदेचा सीमाशुल्क संघ सुरू झाला आणि बाहेरून येणाऱ्या बहुतेक मालावर एकच, 5 टक्के दर लागू झाला. शेजारच्या दोन शीर्षांवर दर सारखाच असेल तर चुकीच्या कोडने कोणाच्या खिशाला झळ बसत नसे. पण जून 2020 मध्ये सौदी सरकारने अनेक वस्तूंवरचे शुल्क वाढवले, सगळ्यांवर सारखे नव्हे. 1 जुलै 2020 पासून मूल्यवर्धित करही 5 वरून 15 टक्क्यांवर गेला, आणि हा कर शुल्क धरून होणाऱ्या रकमेवर लागतो. 1,00,000 रियाल किमतीच्या मालावर 5 टक्के शुल्क असेल तर बंदरात भरायचे एकूण 20,750 रियाल. तोच माल 10 टक्क्यांच्या शीर्षात गेला तर 26,500. मूल्यवर्धित कराचा परतावा नोंदणीकृत व्यापाऱ्याला पुढे मिळतो, पण शुल्क गेले ते गेलेच, आणि रोकड अडकायची ती अडकतेच.

मग कमी दराचा कोड टाकावा हेच शहाणपण नाही का, असे कोणी म्हणेल. तो कोड टिकणार असेल तर जरूर टाकावा. पण तो टिकतो की नाही हे वस्तूवर ठरते, आणि कागदाच्या प्रकरण 48 इतकी मोजमापांनी बांधलेली प्रकरणे शुल्कसूचीत फार थोडी आहेत.

क्राफ्टचे उदाहरण घेऊ, कारण सर्वांत जास्त घोळ इथे होतो. आपल्या बाजारात रद्दीपासून बनलेल्या तपकिरी कागदालाही सर्रास क्राफ्ट म्हणतात. गिरणीच्या बिलावर तेच नाव असते, तेच इन्व्हॉइसवर उतरते आणि त्यामागोमाग 4804 हे शीर्षही. प्रकरणाची टीप मात्र सांगते की एकूण तंतूंपैकी वजनाने किमान 80 टक्के तंतू सल्फेट किंवा सोडा या रासायनिक प्रक्रियेने मिळालेले असतील, तरच तो क्राफ्ट. खोक्यांसाठी पूर्णपणे किंवा मुख्यतः रद्दीच्या लगद्यापासून बनवलेला लायनर हा टेस्टलायनर. त्याचे शीर्ष 4805. त्यातही दर चौरस मीटरला 150 ग्रॅमपर्यंतचा एका उपशीर्षात, त्याहून जड दुसऱ्यात. शिवाय कागद फुटण्याचा जोर दाखवणारा मलन बर्स्ट इंडेक्स किमान 2 हवा. यातली एकही गोष्ट डोळ्यांनी दिसत नाही. तपकिरी रंग दोन्हींचा सारखाच. म्हणजे ज्याच्याकडे तंतूंचा अहवाल आहे तोच बरोबर कोड सांगू शकतो, आणि तो अहवाल गिरणीकडे असतो. जेद्दाहच्या एजंटाकडे तो कुठून येणार?

टिश्यूचे असेच. टिश्यूच्या जंबो रोलची रुंदी 36 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर शीर्ष 4803. कापून 36 किंवा त्याहून कमी केली की तोच कागद टॉयलेट पेपर म्हणून 4818 मध्ये जातो. ही रेघ उगाच ओढलेली नाही: अलीकडे कारखान्याचा कच्चा माल, पलीकडे दुकानातला पक्का माल. दम्माममध्ये सौदी पेपर मॅन्युफॅक्चरिंग ही टिश्यू बनवणारी कंपनी आहे. तिच्या दृष्टीने जंबो रोलची आयात आणि तयार रोलची आयात या सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. झेरॉक्सचा ए-फोर कागद घ्या. उपशीर्ष 4802.56 साठी वजन दर चौरस मीटरला 40 ते 150 ग्रॅम, यांत्रिक प्रक्रियेने मिळालेले तंतू 10 टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, आणि उलगडलेल्या कागदाची एक बाजू 435, दुसरी 297 मिलिमीटरच्या आत. प्लास्टिकचा थर दिलेल्या कपांबद्दलही वाद घातला जातो की हे प्लास्टिकच. टीप स्पष्ट आहे: प्लास्टिकचा थर एकूण जाडीच्या निम्म्याहून जास्त असेल तरच वस्तू प्लास्टिकच्या प्रकरण 39 मध्ये जाते. नेहमीच्या चहाच्या कपात तो थर त्याहून खूप पातळ असतो, म्हणून कप 4823 मध्येच राहतो.

दुसरे एक मत छपाईबद्दलचे. छापले की माल प्रकरण 49 मध्ये, म्हणजे पुस्तकांच्या शेजारी जातो, असे बरेच जण धरून चालतात. छपाई वस्तूच्या मूळ उपयोगाला दुय्यम असेल तर वस्तू 48 मध्येच राहते. मलपृष्ठावर पाढे छापले म्हणून शाळेची वही पुस्तक होत नाही. तिचे शीर्ष 4820. मिठाईच्या खोक्यावर कितीही रंगीत चित्र असो, ते 4819. लेबले तर छापलेली असोत वा कोरी, 4821 मध्येच. उलट मुलांचे रंगवण्याचे पुस्तक 4903 मध्ये, आणि दिनदर्शिका 4910 मध्ये. मुंबई-पुण्याहून वह्या आणि रंगवण्याची पुस्तके एकाच कंटेनरमध्ये भरणाऱ्यांनी ती एका ओळीत लिहिणे थांबवले पाहिजे.

'कोड जगभर एकच आहे, भारतातला शिपिंग बिलावरचा आकडा तिकडे चालतो' हे अर्धेच खरे. 1 जानेवारी 1988 पासून अमलात असलेल्या हार्मोनाइज्ड सिस्टिमचे पहिले सहा आकडे सामाईक आहेत. भारताचे आठ आकडे आणि सौदीचे बारा यांत शेवटचे आकडे ज्याचे त्याचे, आणि दर बहुधा तिथेच ठरतो.

सगळ्यांत विचारपूर्वक मांडला जाणारा आक्षेप वेगळा आहे. कागदावर पुन्हा एकच दर लावा, वाद आपोआप मिटतील. मला हा आक्षेप आदरणीय वाटतो, तरी पटत नाही. दर एक झाला तरी सौदीच्या साबेर प्रणालीत मालाला कोणते अनुरूपता प्रमाणपत्र लागेल, हे कोडवरूनच ठरते. अरब मुक्त व्यापार क्षेत्राची सवलत कोडशी बांधलेली आहे. जेद्दाहची मेप्को कंपनी रद्दीपासून खोक्यांचा कागद बनवते. बाहेरून तसाच कागद किती येतो हे राज्याला कळायचे तर टेस्टलायनर आणि क्राफ्ट वेगळे मोजलेच पाहिजेत. आपल्याकडेही जुलै 2019 मध्ये वृत्तपत्री कागदावर 10 टक्के शुल्क लागले आणि फेब्रुवारी 2020 मध्ये ते 5 वर आले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांचा खर्च प्रकरण 48 च्या एका व्याख्येवर लटकला होता: 40 ते 65 ग्रॅम, किमान निम्मे यांत्रिक तंतू. व्याख्या काटेकोर होती म्हणूनच बोजा कोणावर किती, हे बोलता आले.

तक्रार सौदी बाजूकडूनही ऐकावी लागते, आणि ती रास्त आहे. अधिकारी वेगळे शीर्ष धरतो आणि फरक वसूल होतो. त्यावर उत्तर आधी विचारण्यात आहे. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार 22 फेब्रुवारी 2017 पासून लागू आहे आणि त्याचे तिसरे कलम माल आयात होण्यापूर्वी लेखी पूर्वनिर्णय देण्याचे बंधन सदस्यांवर घालते. सौदी अरेबिया 2005 पासून सदस्य आहे. 2021 मध्ये तयार झालेल्या तिथल्या जकात, कर आणि सीमाशुल्क प्राधिकरणाकडे आयातदाराने नमुना, दर चौरस मीटरचे वजन (जीएसएम), तंतूंचे प्रमाण आणि थराची जाडी देऊन निर्णय मागावा. तो मिळेपर्यंत कंटेनर भरू नये. आणि प्राधिकरणानेही कागदावरचे असे निर्णय व्यापाऱ्याचे नाव वगळून प्रसिद्ध करावेत, म्हणजे पुढच्याला तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागणार नाही. आपल्या गिरण्यांकडे मागणी एकच: प्रत्येक रिळाच्या चाचणी अहवालात तंतूंचे प्रमाण लिहा, नुसते 'क्राफ्ट, तपकिरी' असे लिहून अहवाल देऊ नका.