मेंदूचा व्यायाम म्हणू नका

निवृत्त माणसानं चिनी शिकायला घेतलं की घरून दोन प्रतिक्रिया येतात. एक हसण्याची : 'आता, या वयात?' दुसरी कौतुकाची : 'छान! मेंदूला व्यायाम होतो.' पहिलीशी निदान भांडता तरी येतं. दुसरी जास्त अपमानकारक आहे, आणि ती आपल्यासारखी शिकलेली, प्रेमळ मुलंच देतात.

पंचविशीतला मुलगा मँडरिन शिकू लागला तर त्याला कोणी 'स्मृतिभ्रंश टळेल हो' म्हणत नाही. कुठली नोकरी, कुठला देश, असं विचारतात. त्याचं शिकणं कुठेतरी पोचणार असतं. साठीतल्या बाईचं शिकणं मात्र आपण बीपीच्या गोळीशेजारी ठेवून देतो. आणि एकदा ते औषध ठरलं, की बाईंना चिनी येतं का, हा प्रश्नच उरत नाही. चुकलं तरी कोणी टोकत नाही. व्यायाम झाला ना, बास!

चिनीत हे न टोकणंच घात करतं. मँडरिनमध्ये चार सूर. 'मा' सपाट उंच सुरात म्हटलं तर आई, चढवत नेलं तर ताग, खाली नेऊन उचललं तर घोडा, झटक्यात खाली आपटलं तर रागावणं. आपला सूर चुकतोय हे आपल्या कानाला कळत नाही, दुसऱ्यानं सांगावं लागतं. अॅप हिरवी खूण देऊन पुढे सरकतं. वर्गातले शिक्षकही 'आजींना कशाला' म्हणून सोडून देतात. मग सहा महिन्यांनी आजींना काही येत नाही आणि खापर फुटतं वयावर.

वयाचा अडथळा नसतोच, असं मी म्हणत नाही. शब्द हळू रुजतात. उतारवयात बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी निसटतात, त्यामुळे 'स' आणि 'श' यांच्या जवळपासचे चिनी ध्वनी वेगळे ऐकणं जड जातं. पण वेळेचा हिशेबही मांडा. इंग्रजी भाषकाला मँडरिनसाठी २२०० तासांचे वर्ग लागतात, असं अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था धरते. रोज ३ तास दिले तर दोन वर्षं. नोकरी आणि लोकलमधून तुम्ही रोज ३ तास काढून दाखवा.

शिवाय ते २२०० तास इंग्रजीवाल्यांचे. मराठी माणसाच्या तोंडात त्यातलं बरंच आधीपासून आहे, पण आपण चिनी शिकतो इंग्रजीच्या खिडकीतून आणि ते हरवून बसतो. चिनी शब्द रोमन लिपीत लिहायच्या पिनयिन पद्धतीतला 'बी' हा आपला ब नाही, तो प आहे. आणि 'पी' म्हणजे दोन्ही ओठ मिटून म्हटलेला फ. 'डी' आणि 'टी' म्हणजे साधारण त आणि थ, 'जी' आणि 'के' म्हणजे क आणि ख. म्हणून बीजिंगपेक्षा पेइचिंग खऱ्याच्या जवळ. पिनयिनचा 'झेड' तर चाकातला च, चहातला नव्हे! इंग्रजी भाषकाला हा अल्पप्राण-महाप्राण भेद मुद्दाम शिकवावा लागतो. मराठी शाळेत बाराखडी घोकलेल्या आजोबांना तो फुकट मिळालाय, फक्त कोणी सांगत नाही.

आणि हे पिनयिन कोणी घडवलं? त्या कामात पुढे असलेले चौ यौक्वांग हे अर्थतज्ज्ञ होते. जन्म १९०६चा. १९५५मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांना लिपीसुधारणेच्या कामाला बोलावलं गेलं आणि ते भाषेकडे वळले. १९५८मध्ये पिनयिन अधिकृत झालं. २०१७ साली, १११ वर्षांचे होऊन ते गेले. शंभरी ओलांडल्यावरही लिहीत होते. त्यांना कोणी 'मेंदूला व्यायाम' म्हटलं असतं का?

'पण उपयोग काय?' असं विचारणाऱ्यांसाठी : लू शुनसारखा लेखक आपण वाचतो तो बहुतेक वेळा इंग्रजीवरून आलेला. मूळ चिनीतून थेट मराठीत आणणारे हात फार थोडे आहेत. हे काम पोट भरत नाही, म्हणून तरुणांनी ते करावं ही अपेक्षाच चूक. पेन्शन सुरू असलेला, मराठी उत्तम असलेला, पुढची पंधरा वर्षं हाताशी असलेला माणूस ते करू शकतो. त्यालाच आपण सुडोकूच्या रांगेत बसवलंय.

एचएसके या चिनीच्या परीक्षेला वयाची वरची मर्यादा नाही. बाबांना फॉर्म भरायचा असेल तर 'कशाला ताण घेता' म्हणू नका. केंद्र कुठे, फी किती, तारीख कुठली ते शोधून द्या. त्यांचा 'मा' घोड्याकडे गेला तर तिथेच थांबवा, परत म्हणायला लावा. आणि नापास झाले तर पाठ थोपटू नका. ऐकण्यात गेले की वाचण्यात, ते विचारा.